घरी संडास आहे, मंग लेकराले जुलाब काहून?

पत्र लांब होतं, थोडं कापून देते: "ताई नमस्कार. दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यातून लिहिते. माझी मुलगी चौदा महिन्यांची आहे, वजन साडेसात किलो, दोन महिन्यांपासून तिथंच अडकलंय. पावसाळा लागला की महिन्यातून एकदा तरी पातळ संडास लागतेच. आमच्याकडे 2017 पासून सरकारी योजनेतला संडास आहे. मी आन् हे वापरतो, सासूबाई कधी कधी, मामाजी वावरातच जातात, म्हणतात खड्डा लवकर भरते. बाळाची शी सासूबाई गोठ्यामागं उकंड्यावर टाकतात, तान्ह्या लेकराच्या शीनं काही होत नाही म्हणतात. कोंबड्या आहेत, अंगणातच असतात. हे म्हणतात पाणीच खराब आहे, हप्त्यावर बारा-तेरा हजाराचा आरओ घेऊ. सासूबाई म्हणतात माझ्या दुधातच दम नाही. घरी संडास असून लेकराले जुलाब काहून होतात? फिल्टर घ्यावा का?"

पोरी, फिल्टरचं आधी बोलते, कारण एकदा हप्ता सुरू झाला की माझ्या सल्ल्याला काही अर्थ राहात नाही. आत्ता घेऊ नका. पाणी महत्त्वाचं नाही असं मी म्हणत नाहीये बरं, पण तू जे लिहिलंस त्यात मला पाण्याच्या आधी तीन-चार गोष्टी दिसतात आणि त्यातल्या बऱ्याचशा पाचशे रुपयांच्या आत बसतात. तुमचं पाणी नळयोजनेचं का बोअरचं ते तू लिहिलं नाहीस. यांना ग्रामपंचायतीत जाऊन विचारायला लाव, गावाच्या पाण्याची तपासणी होऊन हिरवं, पिवळं नाहीतर लाल कार्ड मिळत असतं, आपलं कोणतं आहे आणि टाकीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर रोज पडते का नुसती रजिस्टरमधेच पडते. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराईड निघतं, तिकडं अकोला-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात पाणीच खारट, अशा ठिकाणी आरओला कारण आहे, कारण फ्लोराईड आन् क्षार हे ना उकळून जात ना क्लोरीननं. तुमचा रिपोर्ट तसा आला तर परत लिही. नुसत्या जुलाबाच्या जंतूंसाठी मेडिक्लोरची, म्हणजे पातळ क्लोरीनची, बाटली बहुतेक वेळा पुरते, आशाताईला किंवा उपकेंद्रात माग, बाटलीवर लिहिलंय तेवढे थेंब टाकायचे, अर्धा तास थांबायचं, मग प्यायचं.

आणि समजा घेतलाच फिल्टर, तरी ते पाणी तुम्ही शेवटी गुंडातच भरणार, आणि गुंडात सगळ्यांचे ग्लास बोटांसकट बुडणार. मग कशाला तेरा हजार? लांब दांड्याचं ओगराळं घ्या नाहीतर तोटीवाला माठ घ्या, वर झाकण, संपलं.

दुधाचं तर डोक्यातून काढूनच टाक. आईच्या दुधात दम नसतो असं काही नसतं, दोन वर्षांपर्यंत पाज, जुलाब चालू असतील तेव्हा तर जास्तच पाज. फक्त सहा महिन्यांनंतर नुसतं दूध पुरत नाही, त्याचं खाली बोलते.

आता तुझा मूळ प्रश्न. संडास घरात आहे पण तुमच्या घरातली सगळी घाण त्यात जातेय कुठं? पाच माणसांपैकी दोघं नेमानं वापरता. मामाजींचं वावरात, म्हणजे थोडं तरी लांब. आणि ज्या लेकराची शी सगळ्यात जास्त सांभाळून टाकायला पाहिजे तिची शी जाते घरामागच्या उकंड्यावर, तिथं कोंबड्या उकरतात, त्याच पायांनी अंगणात येतात, अंगणात तुझी लेक रांगते आणि हाताला येईल ते तोंडात घालते. त्याच उकंड्यावरच्या माशा चुलीजवळच्या वरणावर बसतात. हे मी तुमच्याच घराबद्दल म्हणत नाही हो, नोकरीत असताना मी ज्या ज्या गावात फिरले तिथं बहुतेक घरी हेच, संडासाला टाईल्स लावलेल्या असतात आणि लेकराचं कागदात गुंडाळून मागं फेकलेलं असतं.

तान्ह्या लेकराची शी साधी असते हा समज आपल्याकडचाच नाही, जगभर आहे. अंगावर पिणाऱ्या बाळाच्या शीला वास कमी येतो, म्हणून वाटत असेल. पण लहान मुलांनाच पोटाचे आजार जास्त होतात, म्हणजे जंतू त्यांच्याच शीतून जास्त बाहेर पडतात, रोटाव्हायरससारखे तर कोट्यवधींनी पडतात आणि थोडेसे पोटात गेले तरी दुसरं लेकरू आजारी पडतं. आणि मोठा माणूस निदान घरापासून लांब जातो, लेकरू जिथं खेळतं तिथंच करतं. म्हणून माझं पहिलं सांगणं हेच, बाजारात प्लास्टिकची पॉटी मिळते दीड-दोनशेत, ती आण. चौदा महिन्यांची पोर आहे, बसायला शिकेल, सकाळी दूध पाजलं की दहा मिनिटात बसवायची, आठ-पंधरा दिवस रडारड होईल मग लागते सवय. पॉटीतलं संडासात ओतायचं, पॉटी धुतलेलं पाणीही संडासातच, अंगणात नाही आणि नाल्यात तर मुळीच नाही. लंगोटात केली तर आधी संडासात झटकून मग धुणं, आणि ते पहिलं पाणीसुद्धा तिथंच. अंगणात केली तर जुन्या पत्र्याचं किंवा टिनाच्या डब्याचं सुपलं करून ठेव, मातीसकट उचलायची. सासूबाईंना फक्त रस्ता बदलायचा आहे, गोठ्याकडं जाण्याऐवजी संडासाकडं.

हे मी मनानं सांगत नाही. बांगलादेशात खेड्यांमधे यावर मोठा अभ्यास झाला, 2018 मधे छापून आला. काही घरांना नुसतं पाण्यात टाकायचं क्लोरीन दिलं, काहींना नीट संडास आणि त्यासोबत लेकरांसाठी पॉटी आणि शी उचलायचं खुरपं, काहींना हात धुवायला साबणपाण्याची सोय, काहींना लेकरासाठी जास्तीचं पोषण. ज्यांना काहीच दिलं नव्हतं तिथं गेल्या आठवड्यात जुलाब झालेली लेकरं शंभरात 5.7 निघाली. संडास-पॉटीवाल्या घरांत 3.5. साबणवाल्यांत 3.5. आणि नुसत्या पाण्यावाल्यांत 4.9, म्हणजे फरक इतका बारीक की तो योगायोगही असू शकतो. आता यांना हे वाचून दाखव आणि मग विचार फिल्टर का पॉटी.

पण खोटी आशाही दाखवत नाही. असाच प्रयोग केनियात झाला, पुढं झिम्बाब्वेत झाला, तिथं जुलाब कमी झालेच नाहीत. आपल्या ओडिशात पुरी जिल्ह्यात शंभर गावांत पाहिलं, ज्या गावांत मोहीम राबवली तिथं संडास असलेली घरं शंभरात 9 वरून 63 झाली आणि तरी लेकरांचे जुलाब होते तेवढेच राहिले. हे 2014 मधे छापून आलं, त्याच वर्षी 2 ऑक्टोबरला स्वच्छ भारत सुरू झालं आणि गावोगाव बारा हजाराचे संडास उभे राहिले, सकाळी गुड मॉर्निंग पथकं फिरली, शिट्ट्या वाजवल्या, टमरेलं जप्त केली. पुरीत असं का झालं त्याचं कारण आपल्याला पुस्तक न वाचताही कळतं, बांधले पण सगळ्या घरांनी बांधले नाहीत, बांधलेल्यांनी सगळ्यांनी वापरले नाहीत. कित्येक संडासात कुटार भरलेलं असतं, पऱ्हाट्या रचलेल्या असतात, शेजारी दहा घरं बाहेर जात असतील तर माशी काही तुमचा सातबारा बघून बसत नाही. म्हणून तुझ्या घरापुरतं तू कर, पण महिला ग्रामसभेत हा विषय काढ, एकटी नको काढू, आशाताईला सोबत घे.

मामाजींचं. त्यांचा खड्डा भरण्याचा धाक मला पूर्ण पटतो आणि त्याला उत्तर आहे. शोषखड्ड्यात पाणी जमिनीत मुरतं, राहतो तो गाळ, मीटरभर रुंद आन् मीटरभर खोल खड्डा पाच-सहा माणसांना साधारण तीन वर्षं पुरतो. दोन खड्डे असतील तर एक भरला की पाईप दुसऱ्याकडं वळवायचा, पहिला दीड-दोन वर्षं बंद ठेवायचा, त्याची कोरडी बिनवासाची माती होते, वावरात घालता येते. ही गोष्ट मामाजींना नीट सांग, खत म्हटलं की शेतकरी माणूस कान देतो. तुमच्याकडं एकच खड्डा काढला असेल तर दुसरा काढून घ्या, हा खर्च फिल्टरपेक्षा आधी करा. आता आपली जमीन काळी, ती पाणी धरून ठेवते, मुरूच देत नाही, म्हणून तर पावसाळ्यात खड्डा तोंडापर्यंत भरल्यासारखा दिसतो आणि लोक म्हणतात भरला. काळ्या मातीत खड्ड्याच्या विटांच्या बाहेरून चहूकडं एक फूट जाडीचा रेती-गिट्टीचा थर टाकायचा असतो, म्हणजे पाणी पसरायला जागा मिळते. हे ठेकेदारानं 2017 मधे केलं असेल असं मला वाटत नाही. न्हाणीचं पाणी त्या खड्ड्यात अजिबात सोडू नका, त्याला वेगळा. विहीर-हापशीपासून निदान 10 ते 15 मीटर लांब. आणि एक विचारते, संडासात टाकायचं पाणी तुमच्याकडं भरून कोण ठेवतं? तूच ना. मग मामाजींना आणि सासूबाईंना एक बकेट भरून दारात मिळाली तर ते जातील का नाही ते बघ, बरेचदा तेवढ्यावरच अडलेलं असतं, पण मग ती बकेट यांनी भरायची, तू नाही, लेकरू त्यांचंही आहे.

आता अंगण आणि कोंबड्या. झिम्बाब्वेत संशोधकांनी रांगत्या लेकरांच्या मागं बसून काय काय तोंडात जातं ते पाहिलं, तर लेकरं माती खात होती आणि कोंबडीची विष्ठाही. ऐकायला किळसवाणं वाटतं पण तू एक दिवस तुझ्याच लेकीला बघ. कोंबड्या विकायला सांगत नाही, अंडी तर तिलाच पाहिजेत, पण दिवसा त्यांना तट्ट्याच्या किंवा जाळीच्या खुराड्यात कोंड, नाहीतर उलटं कर, वसरीचा एक कोपरा लेकीसाठी धर, तिथं सतरंजी, दोन दिवसाआड धुतलेली, आणि कोंबडी आत नाही. जमीन सारवलेली आहे का फरशी? सारवणाला मी नावं ठेवणार नाही, माझ्या सासरी पण सडा-सारवणाशिवाय सकाळ व्हायची नाही, पण ज्या जागी लेकरू रांगतं आणि जमिनीवर पडलेला भाकरीचा तुकडा उचलून खातं तिथं ओलं शेण नको. मेक्सिकोत कोआविला नावाच्या राज्यात सरकारनं मातीच्या घरांत सिमेंटची जमीन करून दिली होती, तिथं लेकरांचे जंत, जुलाब, रक्त कमी असणं, तिन्ही चांगलेच कमी झाले. तुम्हाला सगळ्या घराचं नको, लेकीच्या कोपऱ्यापुरतं दोन-तीन बॅग सिमेंटचं काम आहे.

वजन का अडकलंय, जुलाब नसतात त्या दिवसातही का वाढत नाही, हे तू विचारलं नाहीस पण तुझ्या मनात आहे. आतड्याच्या आतून बारीक बारीक रसांकुर असतात, टर्किश टॉवेलच्या फासांसारखे, त्यांच्यामुळं अन्न शोषलं जातं. रोज थोडी थोडी घाण पोटात जात राहिली की ते झिजतात, चपटे होतात, आतडं कायम सुजल्यासारखं राहतं, वरून काहीच दिसत नाही, लेकरू खेळतं, खातं, पण खाल्लेलं अंगी लागत नाही, शरीराची शक्ती आतल्या लढाईत जाते. महाराष्ट्रात पाच वर्षांखालची शंभरातली 35 लेकरं वयाच्या मानानं बुटकी आहेत, 2019-21 च्या सरकारी पाहणीतलं हे आहे, आणि त्यात घाण, कमी खाणं, आईचं स्वतःचं अशक्तपण, लवकर लग्न, सगळं मिसळलेलं आहे. म्हणून नुसतं संडास-साबणानं वजन झपाट्यानं वाढेल असं समजू नको. बांगलादेश-केनियाच्या त्या अभ्यासात उंची जी काही थोडी वाढली ती पोषण दिलेल्या लेकरांचीच वाढली.

तर खाण्याचं. या वयाची मुलगी साधारण सव्वानऊ-साडेनऊ किलोची असते, तुझी साडेसात म्हणजे एकदम काठावर. अंगणवाडीत जाऊन वजन-उंची दोन्ही करून घे आणि दंडाला पट्टी लावायला सांग, हिरव्यात आली तर ठीक, पिवळं म्हणजे 12.5 सेंटीमीटरच्या खाली, लाल म्हणजे 11.5 च्या खाली, लाल निघाली तर त्याच दिवशी पीएचसीत, वाट बघायची नाही. दिवसातून तीन-चार वेळा खाऊ घाल. पातळ वरणाचं पाणी आन् बिस्कीट हे जेवण नव्हे. घट्ट तुरीचं वरण, त्यात कुस्करलेली भाकर, वरून चमचाभर तेल किंवा तूप, शेंगदाण्याचं कूट, रोज एक अंडं, कोंबड्या तुमच्याच आहेत. अंगणवाडीतून जो पाकिटाचा आहार येतो तो घरात सगळ्यांत वाटला जातो हे मला माहिती आहे, तो तिचा आहे. सकाळी शिजवलेलं झाकून ठेवून संध्याकाळी तसंच थंड भरवू नको, पावसाळ्यात तर नाहीच, परत उकळून घे.

साबण दोन वेळेला चुकवू नका, शी धुतल्यावर आणि भरवण्याआधी. दुसरी वेळ सगळे विसरतात, कारण हात दिसायला स्वच्छ असतो. संडासाजवळ एक साबण आणि चुलीजवळ एक, वेगवेगळे, एकच असला की तो नेमका दुसरीकडं असतो. सासूबाई भरवत असतील तर त्यांच्या हातावर पाणी तूच घाल, मोठ्या माणसाला हात धुवा म्हणून सांगण्यापेक्षा ते बरं. त्यांच्याशी भांडू नको, त्यांनी चार लेकरं वाढवली असतील याच पद्धतीनं, पण किती गेली हेही कधीतरी विचार, त्या सांगतील, आपल्या खेड्यातल्या म्हाताऱ्या बायका सगळ्या सांगतात.

लसीचं कार्ड काढून बघ, रोटाव्हायरसचे तीन डोस झालेत का, सहा, दहा आणि चौदा आठवड्यांचे, महाराष्ट्रात ही लस 2019 पासून सरकारी आहे, फुकट. तो जंतू साबण-संडासाला फारसा दाद देत नाही, लसच लागते. जंताची गोळी वर्षाच्या पुढं चालते, 10 फेब्रुवारी आणि 10 ऑगस्टच्या सुमारास अंगणवाडीत देतात, दोन वर्षांखाली अर्धी, चुरून.

आणि पावसाळा चालूच आहे, तेव्हा हे सगळं होईपर्यंत एकदा तरी जुलाब लागतीलच असं धरून चल. ओआरएसची दोन पाकिटं आजच घरी आणून ठेव. अख्खं पाकीट एक लिटर पाण्यात एकदमच घालायचं, अर्धं-अर्धं करून नाही, आणि केलेलं पाणी चोवीस तासांनी फेकायचं. दर पातळ संडासनंतर अर्धा कप, चमच्या-चमच्यानं, ओकली तर दहा मिनिटं थांबून परत. दूध चालू, खाणं चालू, उपाशी ठेवायचं नाही कोणी काहीही सांगो. संडास थांबवायचं औषध मेडिकलमधून स्वतःच्या मनानं आणू नको. शीत रक्त दिसलं, डोळे आत गेले, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर हळूहळू खाली बसते, लघवी होईना, पाणी पीत नाही किंवा सुस्त पडून राहते, यातलं एकही दिसलं की 108 लावायचा, रात्र असली तरी. आणि जुलाब लागले की ओआरएससोबत झिंकची गोळी, तिच्या वयाला रोज एक 20 मिलीग्रॅमची, चमचाभर पाण्यात नाहीतर तुझ्याच दुधात विरघळवून, चौदा दिवस. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबतात आणि सगळ्या आया गोळी बंद करतात, तू करू नको, पुढच्या दोन-तीन महिन्यांतले जुलाब त्या उरलेल्या गोळ्यांनी कमी होतात. आशाताईकडं आहेत, पैसे लागत नाहीत.